हात न पाहता कारागीर

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या शाखेच्या कचेरीत एक सेवानिवृत्त फिटर आले. तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात कानस चालवलेला माणूस. हातात पिशवी, पिशवीत मुलाची फाइल, आणि मुलगा मागे दारातच उभा. “जरा बघा हो ही कागदे. आमचे कुठे चुकते तेच कळेना,” असे म्हणून त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. वरच दहावीची गुणपत्रिका, त्याखाली आयटीआयचे फिटर ट्रेडचे प्रमाणपत्र, मग रेल्वेच्याच एका कारखान्यात पुऱ्या केलेल्या शिकाऊ उमेदवारीचा दाखला. आणि त्याखाली प्रवेशपत्रांचा गठ्ठा: २०१८ ची तंत्रज्ञाची परीक्षा, २०१९ ला अर्ज भरलेली आणि २०२२ साली झालेली लेव्हल-१ ची परीक्षा, २०२४ ची पुन्हा तंत्रज्ञाची. एका प्रवेशपत्रावर केंद्र होते भोपाळचे. मुलगा कल्याणचा. २०१८ साली चोवीस वर्षांचा होता, आता तिशी ओलांडली आहे.

आम्ही त्याला विचारले, “इतक्या परीक्षा दिल्यास, त्यात तुझ्या हातात कोणी कधी हत्यार दिले का?”

तो म्हणाला, “नाही काका. माउस दिला.”

त्यावर वडील हसले नाहीत. त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांच्या भरतीच्या वेळी फोरमनने त्यांना लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आणि कानस दिली होती. तासाभराने फोरमनने त्या तुकड्याला गुण्या लावला, खिडकीकडे धरून पाहिले, आणि फटीतून उजेड दिसला नाही तेव्हा इंग्रजीत दोन शब्द पुटपुटून कागदावर सही केली. “मला इंग्रजी कळत नव्हते,” ते म्हणाले, “पण उजेड दिसला नाही हे मला त्याच्या आधी कळले होते.”

हा अंक वाचणाऱ्या अनेक साथींच्या घरात अशी एक फाइल असेल. म्हणून या वेळी संपादकीयाची जागा आम्ही तिला देत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलाखत बंद झाली म्हणून आम्ही रडत नाही. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या पदांसाठी मुलाखती कशाला, असा प्रश्न केला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘क’ व अराजपत्रित गट ‘ब’ पदांसाठीच्या मुलाखती थांबल्या. राजकीय मतभेद बाजूला ठेवून सांगतो, तो निर्णय योग्य होता. मुलाखत म्हणजे काय असे, हे आपल्याला ठाऊक आहे. बंद दाराआड पाच मिनिटे, वडील काय करतात, गाव कोणते, आडनाव काय. आणि दाराबाहेर चिठ्ठी घेऊन उभा असलेला मध्यस्थ. गरिबाच्या पोराला त्या पाच मिनिटांची जितकी धास्ती असे तितकी लेखी परीक्षेची कधी नव्हती. ती मुलाखत परत आणा असे आमच्यापैकी कोणी म्हणू नये.

पण त्याच आदेशात आणखी एक वाक्य होते, ते मात्र सगळे विसरले. कौशल्य चाचणी आणि शारीरिक चाचणी या मुलाखतीहून वेगळ्या आहेत, त्या चालू राहू शकतात. फक्त त्या पात्रतेपुरत्या असाव्यात, त्यांचे गुण धरू नयेत, असे सरकारनेच म्हटले होते. म्हणजे बंदी होती ती तोंड पाहण्यावर. हात पाहण्यावर बंदी नव्हती. रेल्वेने मात्र दोन्ही सोडून दिले.

आता या परीक्षेत असते काय ते पाहू. फेब्रुवारी २०१८ मध्ये सहायक लोको पायलट आणि तंत्रज्ञ यांची जाहिरात निघाली तेव्हा जागा होत्या २६,५०२. पुढे त्या वाढून ६४,३७१ झाल्या. अर्ज आले सुमारे ४७ लाख. पहिला टप्पा ऑगस्टात सुरू झाला. बिहारच्या मुलांना दक्षिणेतली केंद्रे मिळाली, ओरड झाली. परीक्षेची फी पाचशे रुपये, त्यांतले चारशे परीक्षेला बसल्यावर परत. तक्रार फीची नाहीच. तक्रार आहे ती दोन रात्रींच्या प्रवासाची, फलाटावर काढलेल्या झोपेची, बुडालेल्या रोजाची. ज्या रेल्वेत नोकरी मागायची तिच्याच जनरल डब्यात उभे राहून परीक्षेला जायचे, आणि उतरल्यावर साठ मिनिटे आकडेमोड करायची.

दुसऱ्या टप्प्यात दोन भाग होते. ‘अ’ भागात गणित, बुद्धिमापन, मूलभूत विज्ञान व अभियांत्रिकी, चालू घडामोडी: शंभर प्रश्न. ‘ब’ भाग उमेदवाराच्या ट्रेडचा: पंचाहत्तर प्रश्न. वाचकांनी इथे थोडे थांबावे. ट्रेडच्या या ‘ब’ भागात पस्तीस टक्के मिळाले की झाले. त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरलेच जात नव्हते. फिटरला फिटरकाम नव्वद टक्के येते की छत्तीस टक्के, याने यादीत एका क्रमांकाचाही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो ‘अ’ भागाने. तरीही त्या वर्षी निदान ट्रेडचा पेपर होता. २०२४ च्या तंत्रज्ञ श्रेणी-३ च्या परीक्षेत तोही राहिला नाही. एकच पेपर; गणित, बुद्धिमापन, सामान्य विज्ञान, सामान्य ज्ञान. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, सुतार, सगळ्यांना तेच शंभर प्रश्न. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा.

या मुलाने वेल्डिंगची शिवण, ब्रेक रिगिंगची पिन, बेअरिंगची फट यांवर एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही, कारण त्याला तो प्रश्न विचारलाच गेला नाही.

यावर कोणी म्हणेल, आयटीआयचे प्रमाणपत्र आहे ना, त्यातच कौशल्य आले. प्रमाणपत्रावर इतका विश्वास असेल तर मग रेल्वे आपल्याच कामगारावर तो का ठेवत नाही? कारखान्यातला हेल्पर तंत्रज्ञ व्हायचा असेल, किंवा श्रेणी-३ चा माणूस श्रेणी-२ मध्ये जायचा असेल, तर त्याला ट्रेड टेस्ट द्यावी लागते. जॉब करून दाखवावा लागतो. माटुंग्याच्या किंवा परळच्या कारखान्यात दहा वर्षे रोज ज्याचे काम साहेब पाहतो त्याची परीक्षा हाताची, आणि ज्याला कोणीही कधी काम करताना पाहिले नाही त्याची परीक्षा माउसची. यातले तर्कशास्त्र आम्हांला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

टपाल खात्यातील साथींना आम्ही मुद्दाम त्यांच्याच घरातले उदाहरण देतो. मुंबईत वरळीला मेल मोटर सर्व्हिस आहे. टपालाच्या गाड्या दुरुस्त करण्यासाठी तिथे मोटर मेकॅनिक, वेल्डर, टायरमन, सुतार, रंगारी अशा कुशल कारागिरांच्या जागा भरल्या जातात, आणि त्या ट्रेड टेस्ट घेऊन भरल्या जातात. जागा मोजक्याच असतात, अर्ज टपालानेच मागवतात, अपात्र ठरलेल्याला कळवले जाणार नाही असे जाहिरातीतच छापलेले असते. या पद्धतीवरही आमच्या तक्रारी आहेत. जो कळवत नाही तो उमेदवाराचे दोन-चार महिने फुकट खातो, आणि पोस्टखात्याने एक कार्ड पाठवू नये हा विनोद आम्हांला तरी हसवत नाही. पण निदान तिथे गाडीखाली झोपून काय बिघडले आहे ते सांगावे लागते. सरकारच्या एका खात्याला जे जमते ते दुसऱ्याला का जमू नये?

रेल्वेचे उत्तर आम्ही आधीच ओळखतो: उमेदवार लाखोंनी आहेत, सगळ्यांच्या हातात कानस कुठून देणार? उत्तर सोपे आहे, सगळ्यांच्या नकाच देऊ. निवडीच्या शेवटी कागदपत्र तपासणीसाठी उमेदवाराला समक्ष बोलावतातच. वैद्यकीय तपासणी होतेच. डोळे तपासतात, रंग ओळखता येतात का पाहतात, छाती, कान, सगळे पाहतात. त्याच फेरीत कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात त्याला चार तास बसवून मेल-फिमेलचा एक साधा जॉब करून घ्यायला काय अडचण आहे? जॉबवर नाव नको, फक्त क्रमांक. मापे गेजने घ्यावीत, कोणाच्या मताने नव्हे. तपासणारा दुसऱ्या विभागातला असावा, आणि त्यात एक तरी ज्येष्ठ तंत्रज्ञ असावा, सगळेच अधिकारी नकोत. जॉब वर्षभर जपून ठेवावा, म्हणजे तक्रार आली तर पुन्हा मोजता येईल. आणि हे फक्त पात्रतेपुरते असावे. जमले किंवा नाही जमले, एवढेच. त्यात मार्क वाढवण्याचा धंदा चालणार नाही. ट्रेडचा लेखी पेपर मात्र परत आणावा आणि त्याचे गुण यादीत धरावेत.

ट्रेड टेस्टमध्ये चहापाणी चालते, हे आम्हांला माहीत नाही असे कोणी समजू नये. कोणत्या शेडमध्ये काय भाव होता हे वाचकांतील जुन्या मंडळींना तोंडपाठ असेल, आणि त्या वेळी आपल्या काही पदाधिकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले हेही. मार्च २०२५ मध्ये मुगलसराय विभागात, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय विभागात, खात्यांतर्गत निवडीचा पेपर फुटला. सीबीआयने सव्वीस जणांना पकडले आणि कोटीच्या वर रोकड सापडली. परिणाम काय झाला? देशभरातील गट ‘क’च्या ज्या खात्यांतर्गत निवडी पुऱ्या झाल्या नव्हत्या त्या सगळ्या रेल्वे बोर्डाने रद्द केल्या आणि पुढच्या परीक्षा भरती मंडळाकडे सोपवल्या. भुसावळच्या किंवा सिकंदराबादच्या ज्या साथीने रात्रपाळी करून अभ्यास केला, त्याचाही अभ्यास मुगलसरायच्या पैशांबरोबर वाहून गेला. पेपर लिहिणारे संगणक प्रामाणिक असतात आणि जॉब मोजणारी माणसे लाचखाऊ, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. तिथे फुटला तो लेखी पेपरच होता.

आता वेळेविषयी. २०१८ नंतर सहायक लोको पायलटची पुढची जाहिरात निघाली जानेवारी २०२४ मध्ये, तंत्रज्ञाची मार्च २०२४ मध्ये. मध्ये सहा वर्षे. या सहा वर्षांत माणसे निवृत्त होत राहिली, गाड्या वाढत राहिल्या. २०२४ ची लोको पायलटची जाहिरात ५,६९६ जागांची होती. १७ जून २०२४ ला न्यू जलपाईगुडीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीची धडक बसली, आणि त्यानंतर लगेचच जागा १८,७९९ करण्यात आल्या. तेरा हजार माणसे कमी आहेत हे बोर्डाला त्या आठवड्यातच कळले असे आम्ही मानत नाही. त्याच वर्षी वयोमर्यादेत तीन वर्षांची सूट देण्यात आली. कारण करोनाचे दिले गेले. पण ज्याने जाहिरातीची वाट पाहण्यात वय घालवले त्याला ती सूट म्हणजे उशिराची कबुलीच वाटली, आणि आम्हांलाही तसेच वाटते.

२०२४ पासून रेल्वेने भरतीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर केले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये लोको पायलटच्या ९,९७० आणि तंत्रज्ञांच्या ६,२३८ जागांची जाहिरात निघाली. ही मागणी आपल्या संघटनांची जुनीच होती, ती मान्य झाली याचे समाधान आहे. परंतु जाहिरातीचे वेळापत्रक म्हणजे नेमणुकीचे वेळापत्रक नव्हे. मार्च २०२५ मध्ये लोको पायलटच्या दुसऱ्या टप्प्याची काही सत्रे तांत्रिक कारण सांगून ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि मे महिन्यात घेतली. जो केंद्रावर पोहोचला होता त्याच्या तिकिटाचे काय, हे कोणत्याही सूचनेत नव्हते. निकाल कधी, यादी कधी, हजर कधी व्हायचे, या तिन्ही तारखा जाहिरातीतच बांधून द्याव्यात आणि त्या चुकल्या तर कोणी तरी उत्तर द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. जानेवारी २०२२ मध्ये बिहार-उत्तर प्रदेशात दुसऱ्या एका भरतीचे उमेदवार रुळांवर उतरले तेव्हा रेल्वेने एका दिवसात नोटीस काढली की रुळांवर सापडाल तर जन्मभर रेल्वेची नोकरी मिळणार नाही. नोटीस काढायला वेळ लागत नाही, हे त्यावरून दिसले.

आपल्या मुंबईतही हे घडले आहे. २० मार्च २०१८ ला सकाळी माटुंगा-दादरच्या दरम्यान शिकाऊ उमेदवार रुळांवर बसले आणि गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेची लोकल तीन-साडेतीन तास बंद पडली. लोकलच्या प्रवाशांनी त्यांना शिव्या दिल्या. त्या सकाळी आपल्यापैकीही अनेकांनी दिल्या असतील. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आम्हांला तुम्हीच शिकवले, आता तुम्हीच घ्या. कायदा त्यांच्या बाजूने पुरता नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या कलम २२ ने मालकावर नोकरी देण्याचे बंधन घातलेले नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात म्हटले की इतर बाबी समान असतील तर शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. रेल्वेने लेव्हल-१ च्या जागांत वीस टक्के ठेवले. लेव्हल-१, म्हणजे हेल्पर आणि ट्रॅकमन. फिटर म्हणून घडवलेल्या मुलाला फिटर म्हणून नव्हे, फावडे घेऊन रुळावर या, असे ते प्राधान्य आहे.

कल्याणच्या या मुलाकडे पुन्हा वळतो. मधल्या वर्षांत तो स्वस्थ बसला नव्हता. एका खाजगी कंपनीत मशीन मेंटेनन्सच्या जागेसाठी त्याला चार वेळा बोलावले. पहिल्या दिवशी सकाळी नऊला बोलावून दुपारी चारला आत घेतले. एका बाईंनी इंग्रजीत स्वतःविषयी सांगायला लावले आणि पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस असे विचारले. दुसऱ्यांदा संगणकावर कोडी सोडवून घेतली. तिसरी मुलाखत फोनवर. चौथ्यांदा साहेबांनी मागच्या पगाराची पावती मागितली आणि ‘कळवतो’ म्हणाले. मायक्रोमीटर वाचता येतो का, हे चौघांपैकी कोणीही विचारले नाही. दोन महिन्यांनी फोन आला तो कंत्राटदाराच्या मुकादमाचा: त्याच कंपनीत, त्याच मशीनवर, रोजंदारीने येतोस का? परीक्षा नाही, मुलाखत नाही, उद्यापासून ये. तो गेला. आजही तिथेच आहे.

कायम जागेसाठी चार फेऱ्या आणि कंत्राटी कामासाठी एक फोन. काम तेच. मग त्या चार फेऱ्या कशासाठी होत्या हा प्रश्न आम्ही त्या मुलापुढे ठेवला नाही. तो त्याला आधीच पडला होता.

एक बाजूची गोष्ट, पण टाळता येत नाही अशी. रेल्वेची संगणकाधारित परीक्षा आज मराठीसह पंधरा भाषांत देता येते. यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरावा लागला. आणि २००८ च्या ऑक्टोबरात मुंबई परिसरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारहाण झाली, त्या लाजिरवाण्या दिवसांनंतर या विषयाकडे सरकारचे लक्ष गेले. मार खाणारी ती पोरे आपल्या या पोरासारखीच होती, जनरल डब्यातून आलेली. टपाल खात्याने जुलै २०१९ मध्ये प्रश्नपत्रिका फक्त हिंदी-इंग्रजीत काढली तेव्हा तामिळनाडूच्या खासदारांनी संसदेत आवाज उठवून ती परीक्षा रद्द करायला लावली. हा मार्ग बरा. लोको पायलटची अभियोग्यता चाचणी मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत ठेवली गेली. शेवटच्या टप्प्यावर, जिथे एकेका सेकंदाचा हिशोब असतो, तिथे लातूरच्या किंवा मदुराईच्या मुलाने आधी भाषांतर करायचे आणि मग उत्तर द्यायचे. सिग्नल मात्र सगळ्या भाषांत लालच असतो.

आपल्या संघटनांविषयीही दोन शब्द. नोकरीत आलेल्या माणसाचे प्रश्न आपण लढवतो; दाराबाहेर उभ्या असलेल्याचे वर्गणी-पुस्तकात नाव नसते म्हणून त्याच्याकडे पाहत नाही. आणि रिकाम्या जागेचे काम दोन माणसांनी ओढायला सुरुवात केली की ओव्हरटाइमचा हिशोब करत बसतो. गँगमध्ये बाराच्या ठिकाणी सात माणसे पाहून आपल्याला राग येतो, पण उरलेली पाच कुठे अडकली आहेत, कोणत्या टप्प्यावर, हे आपल्या किती शाखांनी कधी लेखी विचारले? आमच्या शाखेने विचारले नव्हते, हे त्या रविवारी मान्य करावे लागले.

म्हणून वाचकांना विनंती अशी. आपल्या घरी किंवा शेजारी रेल्वेच्या अथवा टपालाच्या तांत्रिक जागांसाठी २०१८ पासून अर्ज केलेला कोणी असेल तर त्याची माहिती साध्या कागदावर लिहून शाखा चिटणीसाकडे द्यावी: कोणता ट्रेड, शिकाऊ उमेदवारी कोठे झाली, कोणकोणती केंद्रे मिळाली आणि ती घरापासून किती किलोमीटरवर, कोणत्या टप्प्यावर नाव गळले आणि त्याचे कारण कळवले गेले का, आज तो काय काम करतो. प्रवेशपत्राची झेरॉक्स जोडावी, मूळ प्रत देऊ नये. नाव गुप्त ठेवायचे असेल तर तसे वर लिहावे. मराठीत लिहिले तरी चालेल. हिंदी-इंग्रजी करण्याचे काम आमचे. हे कागद एकत्र करून ट्रेड टेस्टच्या आणि ट्रेडच्या पेपराच्या मागणीला जोडून आम्ही ते महासंघाच्या पुढील कार्यकारिणीसमोर ठेवणार आहोत. कल्याणच्या मुलाची फाइल त्यात पहिली आहे. त्याच्या वडिलांनी ती परत नेली नाही.